काळी चार ते काळी तीन: नाशिकमधल्या एका अल्बमचं प्रकरण

भाजीच्या पिशवीत अकरा कॅसेटी घालून ताई माझ्या इंदिरानगरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर आल्या. 2022 चा ऑगस्ट होता, उड्डाणपुलाखाली नेहमीची कोंडी, त्यात रिक्षा अडकलेली. पाणीही न पिता म्हणाल्या, "ऐंशीच्या दशकातली आठ गाणी. माझ्या आवाजात. दिवाळीच्या आत. होईल ना रे?"

मी म्हटलं, होईल. झालंही, पण दिवाळी पुढच्या वर्षीची उजाडली आणि आठाची सहा गाणी झाली. मधे काय काय घडलं ते सविस्तर लिहून ठेवतोय, कारण असाच बेत घेऊन त्यानंतर आणखी चार जण माझ्याकडे येऊन गेले आणि चौघांनाही मी तेच पुराण तोंडी सांगितलं. ताईंची परवानगी घेतली आहे. नाव घालायचं नाही ही अट त्यांचीच. "नाव घातलंस तर लोक मूळ गायिकेशी तुलना करत बसतील, आणि निकाल काय लागणार ते मला माहितेय."

नाशिकच्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांना ताई कोण हे नावाशिवायही कळेल. 1979 पासून पुढे चौदा वर्षं गणपतीचे दहा दिवस त्यांना घर माहीत नव्हतं. आज रविवार कारंजा, उद्या नाशिकरोडची प्रेस कॉलनी, परवा ओझरची एचएएल टाउनशिप, मग सातपूरच्या कंपन्यांचे गणपती. वर्षातून दोन-तीनदा कालिदास कलामंदिर, तेव्हा नवी साडी. 1980 साली ‘कुर्बानी’तून नाझिया हसनचा आवाज आला, पुढच्याच वर्षी तिचा ‘डिस्को दिवाने’ आला, आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत एक "पॉपवाली" असणं गरजेचं होऊन बसलं. आमच्या ऑर्केस्ट्रातला निवेदक ताईंना "नाशिकची पॉप क्वीन" म्हणून बोलवायचा. ताईंना तेव्हा ते अजिबात आवडायचं नाही. आता आवडतं.

1987 मध्ये त्यांची स्वतःची चार गाणी एका छोट्या कंपनीच्या कॅसेटवर आली होती. कंपनी पुढे बंद पडली. त्या चारांतलं एक गाणं ताईंना या अल्बममध्ये हवंच होतं. त्याची गंमत पुढे येईल.

जगात हे कुणी कुणी केलं

ताईंचा मुलगा पुण्याला आयटीत आहे. पैसे तोच घालणार होता, त्यामुळे त्याचं म्हणणं ऐकणं भाग होतं. त्यानं पहिल्याच भेटीत बॅरी मॅनिलोचा दाखला दिला. हा अमेरिकन पॉप गायक 62 वर्षांचा असताना, 2006 च्या जानेवारी अखेरीस, त्याचा ‘द ग्रेटेस्ट साँग्ज ऑफ द फिफ्टीज’ हा अल्बम आला. सगळी गाणी पन्नासच्या दशकातली, दुसऱ्यांनी गाजवलेली. कल्पना क्लाइव्ह डेव्हिस या रेकॉर्डच्या धंद्यात मुरलेल्या माणसाची. अल्बम थेट बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर उतरला. मॅनिलोला तो क्रमांक याआधी 1977 च्या लाइव्ह अल्बमनं दिला होता, म्हणजे मधे जवळपास तीन दशकं गेलेली. मग त्यानं साठ, सत्तर, ऐंशी अशी ओळीनं दशकंच गाऊन काढली.

"म्हणजे फॉर्म्युला आहे," मुलगा म्हणाला.

फॉर्म्युला आहे, पण त्याच्या खाली एक कायदा आहे, आणि तो मुलाला दिसला नव्हता. अमेरिकेत 1909 पासून नियम असा, की एखादं गाणं एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की दुसरा कुणीही ठरावीक दर भरून ते पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. त्या वेळी भांडण होतं आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवरून. दर होता नगाला 2 सेंट. मॅनिलोच्या वेळी, 2006 साली, पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला 9.1 सेंट. मुख्य म्हणजे, मूळ चाल न बिघडवता आपल्या ढंगानं वाद्यमेळ बांधायची मुभा त्याच कायद्यात आहे. गाण्याच्या मालकाच्या दारात जाऊन हात जोडायचे नाहीत, दर भरायचा, गायचं.

मला स्वतःला दुसरा दाखला जास्त जवळचा वाटतो. आशा भोसले यांनी 2005 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबर राहुल देव बर्मन यांची गाणी पुन्हा गायली. तबल्यावर झाकिर हुसेन. त्यात आशाबाईंनी तिशीचा आवाज काढायची खटपट केलेली नाही, आणि व्हायोलिनवाल्यांनी मात्र जुन्या रेकॉर्डमधले मधले तुकडे हौसेनं, जवळजवळ नकलेसारखे उचललेत. म्हणजे गळा आजचा, तुकडे तेव्हाचे. ताईंना मी हा अल्बम हेडफोनवर ऐकवला. तीन गाणी ऐकून त्यांनी हेडफोन काढला आणि विचारलं, "एवढं वय झाल्यावर एवढी पट्टी कशी गाते ही बाई?" बाकी काही त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं.

पिशवीतल्या कॅसेटी

अकरा कॅसेटी मी दोन दिवस लावून ऐकल्या. एकीची फीत चिकटलेली होती, पेन्सिल घालून फिरवावी लागली. ताई सांगत होत्या की हे सगळं "ओरिजिनल" आहे, गाणी यावरूनच बसवायची. तिसरी कॅसेट वाजायला लागली आणि मला शंका आली. आवाज मूळ गायिकेचा नव्हता. खोक्यावरचं कव्हर नीट पाहिलं, तर खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात ते छापलेलं होतं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट घेतलेल्या कुणालाही हे आठवेल. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सोय होती: मूळ रेकॉर्ड एकदा निघालेली असली की नोटीस देऊन, रॉयल्टी भरून त्याच गाण्याचं नवं रेकॉर्डिंग काढता यायचं. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजनं या फटीतून आख्खी बाजारपेठ आत ओढली. एचएमव्हीची कॅसेट महाग आणि मिळायची मारामार, नव्या आवाजातली स्वस्त आणि पानटपरीवरसुद्धा. मेनरोडला दुकानदार विचारायचे नाहीत आणि आपणही विचारायचो नाही. गाणं तेच ना, झालं तर मग.

ताईंच्या अकरांतल्या तीन कॅसेटी अशा निघाल्या. छत्तीस-सदतीस वर्षं "मूळ" म्हणून जपलेल्या. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे ते मेंडोलिन?"

मेंडोलिनची भानगड अशी. एका हिंदी गाण्यात, आम्ही त्याला "स्टेशनचं गाणं" म्हणायचो, पहिल्या अंतऱ्याआधी मेंडोलिनचा एक छोटा तुकडा आहे, असं ताई ठामपणे सांगत होत्या. तोंडानं वाजवूनही दाखवला, स्वर अगदी जागच्या जागी. मूळ रेकॉर्डवर त्या ठिकाणी बासरी आहे आणि स्वरांची जुळणीही वेगळी आहे. मेंडोलिन त्या स्वस्त कॅसेटवर होतं. कुठल्या तरी अनाम अरेंजरनं बासरीवाला आला नाही म्हणून, किंवा मेंडोलिनवाला आयता बसलेला होता म्हणून, तो तुकडा घातला असणार. आणि आमच्या ऑर्केस्ट्रातल्या मेंडोलिनवाल्या काकांनीही तोच उचलला, कारण त्यांच्याकडेही तीच कॅसेट. म्हणजे चौदा वर्षं नाशिककरांनी गणपतीत तेच मेंडोलिन ऐकलं.

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. जुन्या गाण्यांचा अल्बम काढणारा म्हणतो की मी गाणी गातोय. कायदाही गाणं म्हणजे शब्द आणि चाल असंच धरतो. श्रोत्याच्या डोक्यात मात्र गाणं नसतं, एक विशिष्ट रेकॉर्ड असते: त्यातली सुरुवातीची टकटक, दोन ओळींमधलं व्हायोलिन, गायिकेनं घेतलेला श्वास, कॅसेट ताणली गेल्यानं किंचित उतरलेला सूर. त्याला ते परत हवं असतं. आणि तेच द्यायचा अधिकार आपल्याकडे सगळ्यांत कमी असतो.

परवान्याचे दहा महिने

माझे एक वकील मित्र सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टात बसतात. त्यांनी कायदा उघडून समोर ठेवला. कलम 52 मधली ती जुनी सोय 2012 च्या दुरुस्तीत गेली, तिच्या जागी कलम 31 सी आलं. त्याप्रमाणे मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपून पाच कॅलेंडर वर्षं लोटली की कव्हर व्हर्जन काढता येतं. 15 दिवस आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, कव्हरवर "कव्हर व्हर्जन" असं लिहायचं, आधीच्या गायक-गायिकेचं नाव किंवा फोटो कुठेही वापरायचा नाही. मुलानं हौसेनं करून घेतलेलं कव्हर तिथेच बाद झालं. त्यावर बाकीच्या सातही गाण्यांच्या मूळ गायक-गायिकांचे चेहरे गोलात मांडले होते आणि मधोमध ताई.

पण खरा घाव पुढच्या वाक्यात होता. दर गाण्यामागे, दर वर्षी, किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरायची. आठ गाणी म्हणजे 4 लाख प्रती. आम्ही काढणार होतो 300 पेनड्राइव्ह. एखाद्या भाषेचा खप पाहून ही किमान मर्यादा कमी करायची तरतूद कायद्यात आहे, पण आमच्या वेळेला तिचा उपयोग नव्हता.

शिवाय बदल करायचा नाही. कायद्याचे शब्द असे, की मालकानं आधी स्वतः केलेला किंवा मान्य केलेला बदल चालेल, नाहीतर तांत्रिकदृष्ट्या आवश्यक तेवढाच. पट्टी उतरवणं हे आवश्यक, यावर वाद नसावा. मेंडोलिन? संगीतरचनेची नवी मांडणी हा कायद्यानं रूपांतराचा प्रकार आहे, आणि रूपांतराचा हक्क मालकाचा. वकील म्हणाले, "तुम्हाला परवाना घ्यायचाच आहे, तर सरळ मालकाकडूनच घ्या. आणि त्यात मांडणीचा शब्द घालून घ्या."

आम्ही तसंच केलं. सात गाण्यांसाठी पत्रं गेली, आठवं ताईंचं स्वतःचंच होतं. पाच गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी, कुणी दोन महिन्यांत तर कुणी दहा, परवाना दिला. रक्कम करारामुळे सांगता येत नाही, पण ताईंच्या मुलानं जी तरतूद केली होती तिचा मोठा लचका त्यात गेला. राहिलेल्या दोनांपैकी एकाचं उत्तर आलं नाही, तीन स्मरणपत्रांनंतरही नाही. दुसऱ्याच्या मालकीचाच पत्ता लागेना. कंपनी बंद, कवी हयात नाहीत, वारस कुठे आहेत ते कुणी सांगेना. बेपत्ता मालकांच्या कृतींसाठीही कायद्यात वेगळी वाट आहे, पण एका गाण्यासाठी त्या वाटेनं जाणं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं. ताईंनी ती दोन्ही गाणी सोडून दिली. त्यातलं एक त्यांचं सगळ्यांत आवडतं. आजही माझ्याकडे आल्या की तेच गुणगुणतात, मुद्दाम.

एक चूक माझी. "डिस्कोचं गाणं" म्हणून आमच्यात जे ओळखलं जायचं त्याला सगळा ताफा बसवायचं बजेट उरलं नव्हतं, म्हणून मी नेटवरून तयार करोके ट्रॅक विकत घेतला. पैसे भरले म्हणजे झालं असं मी धरून चाललो. गाण्याचा परवाना होता, ट्रॅकचा नव्हता. त्या ट्रॅकच्या कर्त्यानं तो आधीच नोंदवून ठेवला होता, त्यामुळे यूट्यूबवर गाणं चढवल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचा दावा येऊन बसला. ध्वनिमुद्रणाचा हक्क हा गाण्याच्या हक्काहून वेगळा असतो हे मी लोकांना वीस वर्षं सांगत आलोय. पुढे त्या ट्रॅकवाल्याशी लेखी व्यवहार करून मिटवलं, तीन आठवडे गेले.

पावसाचं गाणं

आता खोलीतलं सांगतो. एकाच गाण्याचं सांगतो, कारण बाकीच्यांत थोड्याफार फरकानं हेच झालं.

माझी खोली म्हणजे बंगल्याची मागची बाजू. भिंतींना आतून गोधड्या, त्यावर जाड पडदे. हमरस्त्याचा घुमारा दुपारी एक ते साडेतीन जरा बसतो, म्हणून ताईंना साडेबाराला बोलवायचो. त्या यायच्या, बांगड्या काढून रुमालात गुंडाळायच्या, ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरायच्या आणि उभ्या राहूनच गायच्या. खुर्ची दिली तर म्हणायच्या, "बसून भजन गातात."

पावसाचं गाणं मूळ रेकॉर्डवर काळी चारमध्ये आहे. पट्टीची भाषा ज्यांना परकी आहे त्यांच्यासाठी: पेटीच्या ज्या काळ्या किंवा पांढऱ्या सुराला सा धरायचा ती पट्टी. अंतऱ्यात तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या पंचमापर्यंत चढतं, आणि मुखड्याच्या शेवटचा शब्द मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या धैवतावर येऊन टेकतो. वरचं टोक आणि खालचं टोक यांत एवढं अंतर असलेली गाणी तिशीतल्या गळ्यासाठीच केलेली असतात.

पहिल्या दिवशी ताईंनी हट्टानं काळी चारच धरली. पंचम आला, पण ओरडून आला, आणि दुसऱ्या टेकला गळा बसला. चार दिवस सुट्टी. मग मी ट्रॅक चार सूर खाली, पांढरी तीनला आणला. आता अंतरा लोण्यासारखा गेला. मी काचेतून अंगठा दाखवला, तेवढ्यात मुखड्याचा शेवट आला आणि शेवटचा शब्द ऐकूच आला नाही. मंद्र धैवत इतका खाली गेला होता की नुसती हवा. ताईंनी हेडफोन काढला. "तळ गेला रे."

वर जावं तर छत लागतं, खाली जावं तर तळ निसटतो. मुलगा फोनवर म्हणाला, खालचा सूर सॉफ्टवेअरनं उचला. उचलता येतो. मी उचलून पाहिला, ताईंना ऐकवला. त्या म्हणाल्या, "ही कोण?"

शेवटी काळी तीन, म्हणजे मूळच्या दोन सूर खाली. तळाचा शब्द जेमतेम पोचतो. वरचा पंचम त्यांनी जोर न लावता, आवाज बारीक करून, नुसता स्पर्श केल्यासारखा घेतला. मूळ गायिका तिथे ठासून उभी राहते. ताई तिथे पोचून लगेच उतरतात. मला पहिल्यांदा ते कमी वाटलं. रात्री मिक्स करताना ऐकलं आणि वाटलं की पावसाचं गाणं आहे, खिडकीतून बघणाऱ्या बाईचं आहे, ती कशाला ओरडेल.

श्वासाचंही तसंच. मूळ गाण्यात पहिली लांब ओळ एका दमात आहे. ताईंना दोन लागले. श्वास कुठे घ्यायचा यावर आम्ही अर्धा तास घालवला. त्यांनी शेवटी "अजून" या शब्दाआधी घेतला, आणि तो लपवू नको म्हणून सांगितलं.

मग लय. हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे लयीचा यांत्रिक ठोका, वाजवून गायची ताईंना सवय नाही. स्टेजवर बाई ढोलकवाल्याच्या डोळ्यांकडे बघून गातात. शिवाय त्या एक कान उघडा ठेवायच्या, त्यामुळे क्लिकची टिकटिक माइकात शिरायची. दोन दिवस वाया गेल्यावर क्लिक बंद करून टाकलं. ढोलकवाल्याला बाहेरच्या पडवीत बसवलं, मधे खिडकी, दोघं एकमेकांना दिसतील असं. मूळ गाण्याची लय मिनिटाला 108 मात्रा. ताईंची मी नंतर मोजली: सुरुवात 97, अंतऱ्यात 101, शेवटी पुन्हा 96. या झुलत्या लयीवर पुढची सगळी वाद्यं बसवायला मला तीन रात्री लागल्या. तरी हेच बरोबर होतं असं माझं मत आहे. 108 वर त्या शब्द गिळत होत्या.

गळा असा आजचा ठेवला, आणि मधले तुकडे मात्र सुराला सूर मूळचे. नाशिकरोडचे एक काका, वय 74, त्यांनी अकॉर्डियन आणला. त्याच्या दोन पट्ट्या बेसूर होत्या, इथे दुरुस्त करणारा कुणी उरला नाही. ते दोन सूर टाळून त्यांनी तुकडा वाजवला. आम्हा तिघांशिवाय कुणाला कळणार नाही.

आणि मेंडोलिन? परवान्यात मांडणीचा शब्द होता, म्हणून दोन्ही शक्य होतं. मी बासरीच्या बाजूचा होतो, ताई मेंडोलिनच्या. ढोलकवाला म्हणाला, बासरी लावा, लोक यूट्यूबवर मूळ ऐकून येतात आणि चुका काढतात. ताई म्हणाल्या, "लोकांनी कालिदासला ऐकलंय ते मेंडोलिन. मी त्यांच्यासाठी गातेय." मेंडोलिन राहिलं.

पाकीट आणि नारळ

सहावं गाणं ताईंचं स्वतःचं, 1987 चं. आम्ही ते सगळ्यांत शेवटी घेतलं, कारण ते "आपलंच" होतं, त्याला कसला परवाना. वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "कराराचा कागद आहे?"

कागद कसला. पाकीट आणि नारळ मिळाला होता.

त्या काळी गाणाऱ्याला कायद्यात कसलाच हक्क नव्हता. कलाकाराच्या सादरीकरणाचा हक्क 1994 च्या दुरुस्तीत आला. आणि तो असता तरी त्यानं शब्द आणि चाल ताईंची झाली नसती. शब्द आणि चाल एकाच माणसाची होती, आमच्याच ऑर्केस्ट्राच्या संचालकांची. ते 1998 मध्ये गेले. म्हणजे त्या गाण्यावर 2058 अखेरपर्यंत कुणाचा तरी हक्क. ज्या गाण्यावर ताईंचं नाशिकमधलं नाव उभं राहिलं ते गायला त्यांना परवानगी मागावी लागणार होती. त्या दिवशी चहाचा कप तसाच राहिला.

संचालकांचा मुलगा पंचवटीत राहतो. आम्ही गेलो तेव्हा त्यानं वडिलांची फाइल काढली. तिच्यात कंपनीची एकच पावती होती, "रेकॉर्डिंगचे मानधन मिळाले" एवढंच लिहिलेली. वकिलांचं मत असं पडलं, की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. मानधनाच्या पावतीत हक्कांचा उल्लेखच नसेल तर ते संचालकांकडेच राहिले, आणि आता वारसांकडे आले. कंपनीची मालकी असलीच तर त्या जुन्या फितीवर. आम्ही फीत वापरणार नव्हतो, नवं रेकॉर्डिंग करणार होतो. हे वकिलाचं मत, कोर्टाचा निकाल नव्हे, हेही त्यांनीच बजावलं.

वारस दोघं: हा मुलगा आणि मालेगावला दिलेली बहीण. दोघांच्या सह्या हव्यात. बहीण सही करायला आली ती डबा घेऊन आली. ताईंना बघून म्हणाली, "तुम्ही आमच्या घरी तालमीला यायचात तेव्हा मी पाच वर्षांची होते." नोटरीसमोर कागद झाला. पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण जे काही उत्पन्न येईल त्याचा निम्मा वाटा शब्द-चालीचा, असं मीच आग्रहानं कागदात घातलं.

हिशेब

300 पेनड्राइव्ह, कॅसेटच्या आकाराचे, 2023 च्या दिवाळीआधी आले. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम केला, दीडेकशे लोक. बहुतेक साठीच्या पुढचे. पावसाचं गाणं सुरू झालं तेव्हा लोक शब्द गुणगुणत होते, ते अपेक्षित होतं. स्टेशनच्या गाण्यात मेंडोलिनचा तुकडा आला आणि निम्म्या सभागृहानं तो तोंडानं वाजवला. ढोलकवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहिलं.

पेनड्राइव्ह विकले गेले 190 च्या आसपास, साठेक नातेवाइकांत वाटले, बाकीचे माझ्या कपाटात आहेत. खर्च निघाला नाही. निम्माही नाही. स्ट्रीमिंगवर गाणी आहेत, तिथून येणारी रक्कम चहापाण्याच्या वर जात नाही. मुलगा मॅनिलोचं नाव आता काढत नाही, पण कार्यक्रमानंतर ताईंना पाच ठिकाणी बोलावणं आलं, एक पाडवा पहाटेचं, आणि ते मानधन त्या स्वतःच्या खात्यात घेतात. मुलाला त्या हिशेबात धरू देत नाहीत.

ताईंच्या स्वतःच्या गाण्याचं एक सांगायचं राहिलं. पंचवटीतल्या त्या फाइलबरोबर एक वही होती, संचालकांच्या हातच्या नोटेशनची. त्यात या गाण्याला तीन अंतरे आहेत. कॅसेटवर दोनच, बाजू पुरली नाही म्हणून तिसरा गाळला होता. ताई तो तालमीत गायल्या होत्या, रेकॉर्डवर कधीच नाही. तो त्यांनी वही हातात धरून गायला, पहिल्याच टेकमध्ये. पट्टी काळी तीनच. मधे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला आहे, स्पष्ट ऐकू येतो. मी तो काढायला बसलो होतो. संचालकांचा मुलगा शेजारी होता, म्हणाला, "राहू द्या की."